फ्युरी-उसिक: उंची मोजलीत, पाय राहिले

कल्याण, ११ मे २०२४

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या क्रीडापानावर, आयपीएलच्या गुणतक्त्याखाली आणि एका पंख्याच्या जाहिरातीला खेटून, रियाधच्या हेवीवेट लढतीवर अर्धा रकाना छापून आला. मुष्टियुद्धाला एरवी एवढीही जागा मिळत नाही, म्हणून आधी आभार मानतो आणि मग भांडायला बसतो.

त्या मजकुराचं सार असं : टायसन फ्युरी सहा फूट नऊ इंच, ओलेक्सांदर उसिक सहा फूट तीन. फ्युरीचा पल्ला, म्हणजे पसरलेल्या दोन्ही हातांची लांबी, ८५ इंच, उसिकचा ७८. वजनात वीस-पंचवीस किलोंचा फरक. दोघंही आजवर अपराजित. तेव्हा १८ मे रोजी फ्युरी जिंकणार, बहुधा नॉकआऊटनं. झालं भाकीत. मोजपट्टीवरच निकाल लावायचा असेल तर दोघांना रिंगमध्ये कशाला उतरवायचं, एखाद्या शिंप्याकडे पाठवलं की काम भागतं.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाही. २५ सप्टेंबर २०२१ ला लंडनमध्ये अँथनी जोशुआ आणि हाच उसिक समोरासमोर आले, तेव्हा मी अगदी हेच गणित मांडलं होतं. जोशुआ सहा फूट सहा, वजन १०९ किलो, अंग असं की वैद्यकीय महाविद्यालयात स्नायू शिकवायला उभं करावं. उसिक खालच्या क्रुझरवेट गटातून वर आलेला, दातांत फट, चेहऱ्यावर लग्नात भलत्याच पंगतीला बसल्यासारखं हसू. माझे एक मेहुणे बदलापूरला असतात. त्यांना मुष्टियुद्धातलं ओ की ठो कळत नाही, पण मी ज्याच्या बाजूनं बोलेन त्याच्या विरुद्ध बोलायचं एवढं पक्कं कळतं. त्यांच्याशी मी सहकुटुंब मिसळीची पैज लावली. दुसऱ्या दिवशी आठ माणसांचं बिल मी दिलं. तिन्ही जजांनी कौल उसिकला दिला होता : ११७-११२, ११६-११२, ११५-११३ (राऊंड जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला बहुधा ९, आणि बारा राऊंडची बेरीज).

त्यानंतर ती लढत मी चार वेळा पाहिली, आवाज बंद करून आणि पहिल्या दोन वेळा फक्त कमरेखाली बघून.

माझा अधिकार काय, असं कुणी विचारेल. फार मोठा नाही. वय ७१. रेल्वेत नोकरी झाली. तरुणपणी आंतर-रेल्वे स्पर्धांत ७१ किलो गटात उतरलो, म्हणजे तेव्हाचं वजन आणि आजचं वय सारखंच. हातात पदकं दोन, दोन्ही कांस्य. पुढं बरीच वर्षं जिल्हा पातळीवर जज म्हणून रिंगच्या कडेला स्टुलावर बसलो. तिथं बसणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते, की लोक ज्याला टाळ्या वाजवतात तो ठोसा अर्ध्या वेळा हातमोज्यावर किंवा खांद्यावर आदळलेला असतो. मी खिशात कापूस ठेवायचो. बेल झाली की कानात बोळे.

पायाचं महत्त्व मात्र त्याच्याही आधी कळलं होतं, आणि मार खाऊन कळलं होतं. १९७६ साली माझी गाठ एका डावखुऱ्या मुलाशी पडली. माझ्यापेक्षा चांगला दोन इंच बुटका, हात आखूड. तीन-तीन मिनिटांचे तीन राऊंड. माझा डावा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, लांब होता, त्याच्या भरवशावर मी गेलो. पण जॅब टाकावा आणि तिथं तो नसावाच. त्याचा डावा सरळ ठोसा मात्र माझ्या नाकावर असा येऊन बसायचा, जणू पत्ता लिहून ठेवलाय. शेवटी गुणांवर हरलो. खाली उतरल्यावर आमच्या वस्तादांनी काही बोलायच्या आधी माझा डावा बूट काढायला सांगितला. तेव्हा कॅन्व्हासचे बूट असत, स्पर्धेच्या आदल्या रात्री खडू चोळून पांढरे करायचो. त्यांनी बूट बल्बखाली धरला. बाहेरची कड पूर्ण मळलेली, घासलेली, दोन ठिकाणी खडू पार उडालेला. आतली कड कोरी. "हे बघ," म्हणाले, "नऊच्या नऊ मिनिटं तो तुझ्या पायाबाहेर होता. तू त्याच्या तोंडाकडं बघत होतास."

ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडं उलगडून सांगतो. नेहमीच्या पद्धतीनं उभा राहणारा डावा पाय पुढं ठेवतो, डावखुरा उजवा. दोघं समोरासमोर आले की पुढचे पाय एकमेकांना भिडतात. त्यात ज्याचा पाय बाहेरच्या अंगाला पडतो, त्याला समोरच्याची हनुवटी सरळ रेषेत मिळते आणि समोरच्याचा मागचा हात वाट चुकतो. हात कितीही लांब असो, तो खांद्याला जोडलेला असतो, खांदा कमरेला आणि कंबर पायाला. पाय चुकीच्या जागी असला की ८५ इंच म्हणजे कपडे वाळत घालायची दोरी.

उसिकही डावखुराच. जोशुआचा डावा बूट मला कुणी बल्बखाली धरून दाखवला नाही, पण दाखवला असता तर काय दिसलं असतं ते मला चांगलं ठाऊक आहे.

आता फ्युरीकडे येतो, कारण तो जोशुआ नव्हे, आणि इथं मी आपल्या लेखकांशी थोडा सहमतही आहे. फ्युरी नुसता उंच नाही, उंच असून हलतो. २८ नोव्हेंबर २०१५ ला ड्युसेलडॉर्फमध्ये त्यानं तेव्हाच्या विजेत्या व्लादिमीर क्लिच्कोला गुणांवर हरवलं ते नुसतं पायांवर आणि खांद्यांच्या हुलकावण्यांवर. क्लिच्कोसारखा माणूस बारा राऊंड ठोसा टाकायचाच विसरला होता. मग फ्युरीची दारू, नैराश्य, सुटलेलं अंग, अडीच वर्षं रिंगबाहेर. परत आला, आणि १ डिसेंबर २०१८ ला लॉस एंजेलिसमध्ये बाराव्या राऊंडमध्ये अमेरिकेच्या डिऑन्टे वाइल्डरनं त्याला असा आडवा केला की आमच्या घरात मी दिवा मालवायला उठलो होतो. मोजणी संपायच्या आत हा उठून उभा! लढत बरोबरीत सुटली. पुढं २०२० आणि २०२१ मध्ये त्याच वाइल्डरला त्यानं सातव्या आणि अकराव्या राऊंडमध्ये संपवलं. असा माणूस 'खाली पडला, संपला' असं कुणी समजू नये.

वाइल्डरबरोबरच्या दुसऱ्या लढतीपासून त्याचा डाव मात्र बदलला. तेव्हा तो २७३ पौंडांचा, म्हणजे जवळपास १२४ किलोंचा होऊन आला आणि मागं सरण्याऐवजी अंगावर चालून गेला. जवळ जायचं, समोरच्याच्या मानेवर रेलायचं, सगळं वजन टाकायचं, सोडताना छोटा अपरकट, म्हणजे खालून वर जाणारा ठोसा, मारायचा. कुस्तीतला जुना जाणकार याला ओळखेल, समोरच्याला पेलायला लावून दमवणं. उसिक साधारण १०० किलोंचा. म्हणजे फरक अर्ध्या सिमेंटच्या पोत्याचा. बारा राऊंड मानेवर अर्धं पोतं घेऊन नाचणं सोपं नाही, आणि उसिक आत शिरताना डोकं खाली घालतो, त्यावर अपरकट तयारच असतो. मला भीती वाटते ती याची. नॉकआऊटची नाही, दमवण्याची.

उसिकचं पोटही तपासलं गेलंय. २०२० मध्ये ब्रिटनच्या चिसोरानं पहिले काही राऊंड त्याला बरगड्यांवर बराच त्रास दिला. गेल्या ऑगस्टमध्ये व्रोत्सवाफला डॅनियल ड्युबॉइसचा एक ठोसा पाचव्या राऊंडमध्ये पट्ट्याच्या आसपास बसला आणि उसिक जमिनीवर. रेफ्रीनं तो पट्ट्याखालचा ठरवला आणि उसिकला सावरायला जवळजवळ चार मिनिटं मिळाली. नवव्यात त्यानं ड्युबॉइसला बाद केलं. त्या ठोशावर जगभर दोन तट आहेत. मी चित्र थांबवून, पुढं-मागं करून पाहिलं. माझ्या मते तो पट्ट्यावरच होता आणि मी मोजायला सुरुवात केली असती. हे उसिकच्या बाजूनं लिहिणारा माणूस कबूल करतोय, याची नोंद घ्यावी.

एवढं असून मी उसिक का म्हणतो?

पहिलं कारण फ्युरीची उजवी भुवई. ही लढत खरं तर १७ फेब्रुवारीलाच व्हायची होती. सरावात फ्युरीच्या उजव्या डोळ्यावर खोक पडली, टाके घालावे लागले, तारीख तीन महिने पुढं गेली. आपल्या मजकुरात याचा उल्लेख 'दुखापतीमुळे लांबलेली' एवढ्या दोन शब्दांत उरकलाय. माझ्या लेखी मात्र सगळ्या लढतीत त्याहून मोठी बातमी नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये लास वेगासला ओटो वालिन नावाच्या स्वीडिश मुलानं तिसऱ्याच राऊंडमध्ये फ्युरीचा उजवा डोळा असा फोडला की लढतीनंतर ४७ टाके पडले. फ्युरी गुणांवर जिंकला, पण नऊ राऊंड रक्त पुसत. हा वालिन कोण? डावखुरा. डावखुऱ्याचा मागचा डावा हात सरळ निघाला की समोरच्याच्या उजव्या डोळ्यावरच येतो, ती त्याची ठरलेली वाट. आता वालिनपेक्षा कितीतरी सरस डावखुरा समोर आहे, भुवई तीच आहे आणि ती नव्यानं शिवलेली आहे. साडेतीन महिन्यांत कातडी भरून येते, मान्य. पण जुन्या फाटक्या बाहीला दिलेली शिवण पहिल्या ताणाला कुठं उसवते, ते घरातल्या कुठल्याही बाईला विचारा. टोकियो ऑलिंपिकमध्ये आपला सतीशकुमार चेहऱ्यावर १३ टाके घेऊन उझबेकिस्तानच्या जलोलोव्हपुढं उतरला होता, तोही डावखुराच. सतीशकुमारची छाती मोठी, पण टाके घेऊन लढणारा माणूस प्रत्येक ठोशाआधी क्षणभर विचार करतो, आणि त्या क्षणातच उसिकचा संसार चालतो.

दुसरं कारण ऑक्टोबरमधली ती एन्गानूची लढत. फ्रान्सिस एन्गानू मिश्र मार्शल आर्ट्समधला माजी विजेता, मुष्टियुद्धात पहिल्यांदाच उतरलेला. याच रियाधमध्ये त्यानं तिसऱ्या राऊंडमध्ये फ्युरीला डाव्या हुकनं, म्हणजे बाजूनं वळवून मारलेल्या ठोशानं, बसवलं. दहा राऊंडनंतर एका जजनं तर ९५-९४ असा कौल एन्गानूला दिला. बाकी दोघांनी फ्युरीला ९५-९४ आणि ९६-९३ देऊन त्याची अब्रू राखली. लोक म्हणतात फ्युरीनं तयारीच केली नव्हती. असेल. पण तयारी न करणाऱ्याला उतारवयात शरीर माफ करत नाही. शिवाय २०१३ साली न्यूयॉर्कमध्ये स्टीव्ह कनिंगहॅमनं दुसऱ्या राऊंडमध्ये फ्युरीला पाठीवर पाडलं होतं. फ्युरी उठला आणि सातव्यात जिंकला, ते खरं. पण हा कनिंगहॅम कुठून आलेला? क्रुझरवेटमधून, उसिकसारखाच. आणि तो उसिकच्या पासंगालाही पुरत नाही.

मोठ्यापुढं धाकटा टिकत नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी इतिहास दोन्ही बाजूंनी साक्ष देतो. क्लिच्कोनं २०११ मध्ये डेव्हिड हे या ब्रिटिश मुष्टियोद्ध्याला हरवलं, लेनॉक्स लुईसनं १९९९ मध्ये होलिफिल्डला. डेव्हिड हे आणि होलिफिल्ड दोघं क्रुझरवेटमधून आलेले. बरोबर. पण याच डेव्हिड हेनं २००९ मध्ये न्युरेम्बर्गला सात फुटी व्हॅल्युएव्हला हरवलं होतं आणि याच होलिफिल्डनं १९९० मध्ये माइक टायसनला पाडणाऱ्या डग्लसला तिसऱ्या राऊंडमध्ये झोपवून विजेतेपदाचे सगळे पट्टे घेतले होते. १९१९ साली साडेसहा फुटी विलर्डचं डेम्प्सीनं काय केलं, ते लिहायला हे पान पुरणार नाही. उंचीच्या बाजूला कौल जातो, पण जेव्हा जात नाही तेव्हा त्याचं कारण बहुतेक वेळा खाली, पायांत सापडतं.

तिसरं कारण माझं सर्वांत आवडतं, आणि ते एका राऊंडचं आहे. २० ऑगस्ट २०२२, जेद्दा, जोशुआशी दुसरी लढत. नववा राऊंड जोशुआचा, निर्विवाद. पोटावर, डोक्यावर, दोरांपाशी, सगळीकडं त्यानं उसिकला झोडपलं. बेल झाली तेव्हा उसिक आपल्या कोपऱ्याकडं जाताना किंचित वाकलेला होता, मी ते दोनदा मागं नेऊन पाहिलं. माझ्या शेजारी बसलेला नातू म्हणाला, "आजोबा, गेला तुमचा." दहाव्याची बेल झाली. उसिक आला तो असा, की नववा राऊंड दुसऱ्याच कुणाचा होता. पाय पुन्हा बाहेर, डावा, उजवा, डावा, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. जोशुआचा चेहरा पडला, आणि मुष्टियुद्धात चेहरा पडला की हात मागोमाग पडतात. नातवाच्या जुन्या वहीच्या उरलेल्या पानांवर मी त्या दिवशी गुण लिहिले होते. पान अजून आहे. नववा जोशुआ १०-९, दहावा उसिक १०-९, आणि पुढं मी कंसात लिहिलंय, "इथं लढत संपली". माझे गुण ११६-११२. एका जजनं त्या दिवशी ११५-११३ जोशुआ दिला, तेव्हा मी टीव्हीला जे बोललो ते छापण्याजोगं नाही.

वाईट राऊंडनंतर लगेच चांगला राऊंड काढणं, हे फार थोड्यांना जमतं. फ्युरीलाही जमतं, म्हणून तर ही लढत बघण्याजोगी आहे. पण फ्युरी उठतो तो हट्टानं, अंगातल्या रगीनं. उसिक हिशेबानं उठतो. हट्टाचा चढ-उतार होत असतो. पस्तिशीतल्या फ्युरीत गेल्या दोन वर्षांत तो चढलेला मला दिसला नाही. उसिक ३७ चा आहे, वयानं मोठाच, पण त्याचं शरीर जपलेलं आहे, आणि हौशी काळातल्या तीनशेहून जास्त लढतींचा सराव त्यात मुरलेला आहे. लंडन ऑलिंपिकमध्ये त्यानं उपांत्यपूर्व फेरीत रशियाच्या बेटरबिएव्हला १७-१३, अंतिम फेरीत इटलीच्या रुसोला १४-११ असं हरवलं. तेव्हा जज बटण दाबून गुण देत; मीही ती बटणं दाबलेली आहेत, आणि सांगतो, त्या पद्धतीत स्पष्ट, स्वच्छ ठोशाशिवाय काही मिळत नसे. उसिकची सवय तिथली आहे.

आणखी एक. पट्टा जिंकायला हा माणूस कायम दुसऱ्याच्या घरी गेलाय. पहिला पट्टा पोलंडमध्ये पोलिश विजेत्याला हरवून. मग रिगामध्ये तिथल्या ब्रिएडिसला, मॉस्कोमध्ये गासिएव्हला, पट्टे राखायला मँचेस्टरमध्ये बेल्यूला, लंडनमध्ये जोशुआला. सगळी स्टेडियमं विरोधात. रियाधमध्ये निदान कुणाचंच घर नाही. वेम्बलीवर ९४ हजार माणसं फ्युरीसाठी ओरडली होती २०२२ मध्ये, तो गोंगाट इथं नसेल. पुढच्या रांगांत पांढऱ्या कपड्यांतली मोठी माणसं शांतपणे बसतील. जजांच्या कानात बोळे नसले तरी चालेल. तेवढा उसिकचा फायदा. सगळ्या मोठ्या लढती तिकडं नेण्यामागचा पैसा मला आवडत नाही, पण हे पत्र त्याबद्दल नाही.

तर माझं भाकीत, तारखेसह, लढतीच्या सात दिवस आधी. पहिल्या चारपैकी तीन राऊंड फ्युरी घेईल, कारण उसिक नेहमी सावकाश मोजमाप घेतो. पाचव्यापासून पाय बाहेर पडायला लागतील. आठव्याच्या आसपास त्या उजव्या भुवईचं काहीतरी होईल. शेवटचे तीन राऊंड उसिकचे. कुणी बाद होणार नाही, कुणी खालीही पडणार नाही. गुणांवर उसिक, ११५-११३. एखादा जज फ्युरीकडे जाईल, असतोच एखादा. चार मोठ्या संघटनांचे चारही पट्टे एका हेवीवेटच्या कमरेला आजवर कधी लागलेले नाहीत. लुईसनंतर (त्याच्या वेळी तीनच पट्टे मानत) निर्विवाद विजेता असा कुणी झालाच नाही, त्यालाही येत्या नोव्हेंबरात २५ वर्षं होतील.

हे सगळं चुकू शकतं, हे मला मिसळीच्या बिलानं शिकवलंय. कॅशियस क्ले अली व्हायच्या आधी कोण कितव्या राऊंडमध्ये पडणार ते कवितेत सांगायचा. आर्ची मूर चौथ्यात म्हणाला, चौथ्यात पडला. कूपर पाचव्यात म्हणाला, पाचव्यात थांबला. त्याच १९६३ मध्ये डग जोन्स मात्र चौथ्यात पडेल म्हणाला आणि तो दहाच्या दहा राऊंड उभा राहिला, उलट क्लेलाच घाम फोडला. तरी त्यानं सांगणं सोडलं नाही. १९८० च्या जानेवारीत तो दिल्लीला आपल्या कौर सिंगबरोबर प्रदर्शनी लढत खेळला, तेव्हा मी रेल्वेचा पास काढून गेलो होतो. फार लांबून पाहिलं. अडतीस वर्षांचा, पोट सुटलेला अली. चेहरा काही दिसला नाही. पाय दिसले.

माझी तक्रार एवढीच, की आपल्या लेखकांनी भाकिताला कारण दिलं नाही, माप दिलं. मतदानाचा अंदाज छापताना आपण निदान 'जातीय समीकरण', 'बंडखोरी' असं काहीतरी लिहिता. इथं आमच्याकडे २० तारखेला मतदान आहे आणि तिठ्यावरचा पानवालासुद्धा प्रत्येक वॉर्डचं कारण देऊन बोलतो. हेवीवेटला तेवढं तरी मिळावं.

पत्र शनिवारपूर्वी छापावं. नंतर छापलंत तर मेहुणे म्हणतील, निकाल बघून लिहिलंय. ते यंदा फ्युरीच्या बाजूनं आहेत, कारण मी उसिक म्हटलं. पैज एका हापूसच्या पेटीची आहे, आणि यंदाचे भाव आपल्याच पानावर रोज येतात.

रविवारी पहाटे नातवाच्या मोबाइलवर बघणार आहोत. त्याला आवाज हवा असतो, मला नको. तडजोड म्हणून त्यानं कानात यंत्र घालायचं ठरलंय आणि मी कापूस.

आपला,
एक जुना वाचक, कल्याण
(नाव छापू नये. उलटं झालं तर बदलापूरला कात्रण फ्रेम करून लावतील.)

ता. क. – शुक्रवारी वजनं होतील, ती तरी नक्की छापा. फ्युरी १२० किलोच्या वर आला तर तो रेलायला आलाय असं समजा, आणि मला थोडी काळजी वाटेल. १२० च्या खाली आला तर पळायला, जॅबवर लढायला आलाय. मग माझे पहिले चारही राऊंड त्याला देऊन टाका. निकालाचा आकडा मी तोच ठेवतो.